नुका आणि माझा खिसा

पहिल्या भेटीत नुकाने माझ्याशी हात मिळवला नाही. ती सरळ जवळ आली आणि तिने माझ्या ओव्हरकोटाच्या खिशात हात घातला. डार्मश्टाटच्या स्टेशनामागे एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत योर्गचा अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ आहे, तिथल्या जिन्याच्या तोंडाशी हे घडलं. जर्मनीत अनोळखी माणसाला चुकून कोपर लागलं तरी लोक माफी मागत राहतात. इथे जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी एक पांढऱ्या केसांची बाई माझा खिसा चाचपत होती. आतून ट्रामचं तिकीट, वापरलेला टिश्यू आणि लेकीच्या केसांचं रबर निघालं. तिने सगळा ऐवज तळहातावर घेऊन पाहिला, नाक किंचित मुरडलं आणि परत खिशात ठेवून दिला. “चित्रं काढणारी ती तूच ना?” एवढं विचारून ती जिना चढायला लागली. मी पर्स छातीशी धरून तिच्या मागून गेले.

मी स्टोरीबोर्ड काढते. सिनेमा तयार व्हायच्या आधी तो फ्रेममागून फ्रेम कागदावर काढून बघायचा, हे माझं काम. पुण्यात असताना जाहिरातींसाठी हेच करत होते. नवऱ्याला, आशुतोषला, इथे उपग्रहांच्या कामाची नोकरी लागली आणि आम्ही आलो. पुढची काही वर्षं माझी पेन्सिल लेकीच्या शाळेतल्या प्रोजेक्टांपलीकडे चालली नाही. त्यामुळे योर्गचा फोन आला तेव्हा सिनेमा कशावर आहे हे न विचारताच मी ‘या, या’, म्हणजे हो, हो म्हणून मोकळी झाले. घरी सांगितलं तर आशुतोष म्हणाला, “ग्रीनलंड? मंजिरी, तुला सिंहगडावर स्वेटर लागतो. तू बर्फ काढणार?”

नुका मूळची ग्रीनलंडची, इनुइट. जमीन मोजायला तिकडे गेलेल्या एका जर्मन माणसाशी लग्न करून ती तरुणपणीच डार्मश्टाटला आली आणि इथल्या नाट्यगृहाच्या कपडेपटात तिने जन्मभर शिवण केलं. राजांचे झगे, सैनिकांचे कोट, पऱ्यांचे पंख, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. नवरा गेला, निवृत्ती आली, आणि मग तिच्या डोक्याने घेतलं की आपल्या लहानपणीचा एक सिनेमा व्हायला हवा. वयाने ती माझ्या आईच्या बरोबरीची. मराठीत लिहिताना खरं तर ‘त्या’ म्हणायला हवं. पण जर्मनमध्ये तिला कुणी आदराने ‘झी’ म्हटलं की ती मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघायची. तेव्हा नुका ती नुकाच.

सिनेमाची गोष्ट छोटीशी होती. नुकाच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव पुढे जन्मणाऱ्या मुलाला देतात, मग तो मुलगा असो की मुलगी. नुसतं नाव देऊन थांबत नाहीत. ते माणूसच नात्यासकट परत आलं, असं धरून घरातले वागतात. नुकाच्या आजीचे वडील कयाक होडी घेऊन शिकारीला गेले ते परत आलेच नाहीत. आजी तेव्हा लहान होती, किनाऱ्यावर उभी राहून वाट बघायची. पुढे ती म्हातारी झाली, नात झाली, आणि नातीला आजीच्या वडिलांचं नाव मिळालं, नुका. त्या दिवसापासून आजी नातीला ‘आताता’ म्हणायला लागली. आताता म्हणजे बाबा. सिनेमाच्या शेवटी ही छोटी नुका मामाबरोबर पहिल्यांदा बोटीने समुद्रावर जाते. धुकं पडतं, उशीर होतो, आजी किनाऱ्यावर उभी राहते. मग बोट येते, आणि एका म्हातारीचे वडील जन्मभराच्या उशिराने घरी पोचतात.

आणि हे सगळं कुणी अवाक्षर न बोलता पडद्यावर दिसायला हवं, असा तिचा हट्ट होता. “आमच्या घरात कुणी समजावून सांगत नसे,” ती म्हणायची. “बघायचं. नाही कळलं तर अजून बघायचं.” योर्गला हे पटत होतं आणि पटत नव्हतंही. तो निर्माता. सिनेमासाठी निधी देणाऱ्या मंडळापुढे त्याला उभं राहायचं होतं. “आल्झो,” तो दोन्ही हात टेबलावर पसरून म्हणायचा, “ही मुलगी त्या बाईचा बाप आहे, हे फ्रांकफुर्टच्या प्रेक्षकाला कसं कळणार? शेवटी आजीच्या आवाजात एक वाक्य टाकू. फक्त एक.” नुका नाक मुरडायची.

बसणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. बैठक असली की आम्ही खुर्च्यांवर आणि ती खिडकीपाशी. खिडकी अर्थात उघडी, बाहेर कितीही थंडी असो. जर्मन माणसाला खोली हवेशीर ठेवायची केवढी हौस, पण तिच्यापुढे योर्गसुद्धा मफलर गुंडाळून बसायचा. ट्राम सिग्नलला थांबली की ती उतरून चालायला लागायची आणि पुढच्या थांब्यावर आमची ट्राम यायच्या आधी उभी असायची. एखादी फ्रेम आवडली नाही की स्टुडिओभर येरझारा घालायची, वाटेत कुणाच्या कोटाचं सुटलेलं बटण दिसलं तर तिथेच उभ्या उभ्या टाचून द्यायची आणि परत चालू. तिच्याबरोबर तासभर काढला की मलाही घरी जाऊन स्वस्थ बसवत नसे. भाजी गॅसवर टाकून मी ओट्याशीच फ्रेम काढायला लागायची आणि भाजी लागायची.

तिचा एक लाडका शब्द होता, ‘इम्माका’. म्हणजे कदाचित. योर्ग कॅलेंडर उघडून विचारायचा, “सोमवारी भेटीचा टेर्मिन ठेवू?” ती म्हणायची, “इम्माका.” योर्गच्या चेहऱ्यावर पोटात दुखल्यासारखे भाव यायचे. मला मात्र तो शब्द ऐकून माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं. आपल्याकडे ‘बघू’ म्हणतात तो हाच. त्यात येणार आहे, येणार नाही, आलो तर आलो, आणि तू फार विचारू नकोस, हे सगळं असतं. मी तिला ‘बघू’ शिकवला. मग योर्गच्या एका प्रश्नाला ती इम्माका म्हणायची आणि मी बघू, आणि तो बिचारा पेन खाली ठेवायचा.

माझी पहिली मोठी फजिती झाली ती मानेमुळे. हावभाव काढताना मी आरशात बघते, स्वतः तो भाव करते आणि तो काढते. शिकले तशीच. आठवड्याच्या मेहनतीनंतर मी सुरुवातीच्या प्रसंगाच्या फ्रेम भिंतीवर लावल्या. नुका त्यांच्यासमोरून एकदा गेली, परत आली, आणि खिडकीची चौकट धरून हसायला लागली. इतकी, की योर्ग पाणी घेऊन आला. “मंजिरी,” ती डोळे पुसत म्हणाली, “माझ्या अख्ख्या गावाला मानेचं दुखणं झालंय का?” मी नीट पाहिलं. ग्रीनलंडचे कोळी, शिकारी, दुकानदार, सगळे सदाशिव पेठेतल्यासारखे माना डोलावत होते. होकारालाही आणि नकारालाही. योर्गच्या ते लक्षातच आलं नव्हतं, त्याला वाटलं तिकडे तसंच असतं.

त्या दिवशी तिने मला शिकवलं. हो म्हणायचं तर भुवया वर. नाही म्हणायचं तर नाक मुरडायचं. बास. थंडीत तोंड कशाला उघडायचं? तेव्हा कुठे मला कळलं की पहिल्या दिवशी जिन्यापाशी तिने माझ्या खिशातल्या मालाला स्वच्छ ‘नाही’ म्हटलं होतं. मी ट्राममध्ये, स्वयंपाकघरात भुवयांचा सराव करायला लागले. माझी लेक ईरा मराठी कळूनही जर्मनमध्ये उत्तरं देते. तिने हे झटकन उचललं. “भेंडी वाढू?” म्हटलं की ती नाक मुरडायची. आशुतोष म्हणाला, “चला, आता जर्मनसुद्धा बोलायचे कष्ट नकोत हिला.”

खिशाचं प्रकरण चालूच होतं. भेटल्या भेटल्या नुकाचा हात माझ्या खिशात. “काय आणलंस?” असंही विचारायची नाही. मग मीच काहीतरी ठेवायला लागले. चिक्कीचा तुकडा, दोन खजूर, जंगलाकडच्या रस्त्यावर मिळालेला चेस्टनट. काही सापडलं की तिच्या भुवया वर जायच्या, आणि ती वस्तू तिच्या खिशात. ही हक्काची लूट मला आवडायला लागली होती. घरातून निघताना कोटाचा खिसा भरणं हे किल्ली घेण्यासारखंच झालं. ती असं का करते हे मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना असते एकेक खोड, असं मी धरून चालले.

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा नुका आमच्याकडे जेवायला आली होती. साडीवर आशुतोषचं जुनं लोकरी जाकीट घालून आई सोफ्यावर बसल्या होत्या. नुकाने थेट त्यांच्या जाकिटात हात घातला आणि आलेपाकाची वडी काढली. “अगं बाई! ही कोण दांडगी?” म्हणेपर्यंत वडी तोंडात गेली होती. नुकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण भुवया टाळूपर्यंत चढल्या. “हिला आलं चालतं हो!” आई खूश झाल्या आणि त्यांनी डबाच पुढे केला. दोघींत एकही शब्द सामाईक नव्हता.

जेवणानंतर आई माझ्या फ्रेम बघत बसल्या. मी काहीच सांगितलं नव्हतं. एका चित्रात आजी माशाचा सगळ्यात चांगला तुकडा आधी नातीपुढे ठेवते, एकात नात आत येताच आजी स्वतःची उबेची जागा सोडून देते. आईंनी चष्मा वर केला. “मंजिरी, ही म्हातारी ह्या पोरीचा मान ठेवतेय. कोण परत आलंय गं हिच्या घरात?”

मी थक्क झाले. “तिचे वडील,” मी म्हणाले. “तुम्हाला कसं कळलं?”

“न कळायला काय झालं? माझी आई गेली आणि वर्षाच्या आत ईरा झाली. मी हिच्यावर कधी आवाज चढवलेला ऐकलास तू?” खरंच ऐकला नव्हता. मी हे नुकाला जर्मनमध्ये सांगितलं. ती येरझारा थांबवून आईंकडे बघत राहिली, आणि मी तिला ओळखायला लागल्यापासून प्रथमच खाली बसली. आईंच्या शेजारी, अगदी खेटून.

दुसऱ्या दिवशी मी योर्गला विजयी मुद्रेने सांगितलं की माझ्या सासूला एकही वाक्य न ऐकता सगळं कळलं. तो म्हणाला, “गेनाऊ, अगदी बरोबर. पण तुझी सासू निधीच्या मंडळावर नाही.”

त्याचंही अगदीच चूक नव्हतं, कारण शेवट मला सापडत नव्हता. तिथवरच्या सगळ्याला नुकाने होकार दिला होता. बोट किनाऱ्याला लागली की माझी पेन्सिल अडायची. मी पहिल्यांदा काढलं की आजी धावत जाते, नातीला मिठी मारते आणि रडते. नुकाने नाक मुरडलं. “बाबा घरी आले म्हणून कुणी रडतं का? आजी आता लहान मुलगी आहे. तिचे बाबा रोजच येतात.” मग मी आजीला गुडघ्यावर बसवलं. नाक. दोघींना हात धरून घराकडे चालत नेलं. नाक. नुसता समुद्र दाखवला, तर म्हणाली, “हे दाताच्या दवाखान्यात लावतात तसलं चित्र आहे.”

“मग आजीने केलं तरी काय?” मी एकदा वैतागून ओरडलेच. “तू होतीस ना तिथे?”

“मी सात वर्षांची होते. बोटीतून उतरत होते. बूट भिजू नयेत म्हणून पायांकडे बघत होते,” ती म्हणाली. “आजीने रोज करायची तेच केलं असेल. काय चूक ते मला दिसतं. बरोबर काय ते तू शोध. तू चित्रं काढतेस.” आणि ती खिडकी उघडायला निघून गेली. तिचा राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी खिशात खजूरही असायचे.

त्या हिवाळ्यात ती चालताना थांबायला लागली. ट्राममधून उतरायची नाही. हृदयाचं काहीतरी होतं, तिने आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात मी गेले तेव्हा तिचा पलंग खिडकीशी होता आणि खिडकी बंद होती, याचा तिला आजारापेक्षा जास्त त्रास होत होता. मी नवा शेवट दाखवायला वाकले, तर पांघरुणातून हात निघाला आणि सवयीने माझ्या खिशात गेला. शेंगदाण्याची चिक्की होती. भुवया वर गेल्या. मग तिने टॅबलेटवरची फ्रेम पाहिली, नीट, सावकाश, आणि नाक मुरडलं. आम्ही दोघी हसलो. त्याच आठवड्यात ती गेली. तिने मला सांगितलेली शेवटची गोष्ट म्हणजे ‘नाही’.

तिच्यानंतर मला कुठेच चैन पडेना. ती नाही याचं दुःख होतंच, फार होतं, पण त्याच्या आत हा नकार सलत होता. काढलेलं सगळं मी फाडून टाकायची, परत काढायची. जंगलाच्या रस्त्याने तिच्यासारखी तरातरा चालून यायची आणि हात हलवत परतायची. कोटाच्या खिशात काही ठेवणं मी बंद केलं, कुणासाठी ठेवायचं? योर्ग चांगला माणूस आहे, त्याने वर्षाहून जास्त कळ काढली. शेवटी म्हणाला, “मंजिरी, ह्या वसंतात मंडळापुढे नाही गेलो तर हा सिनेमा होणारच नाही. आजीच्या आवाजात एक वाक्य टाकू. ‘बाबा, तुम्ही आलात.’ नुका समजून घेईल.” मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब. शुक्रवारपर्यंत काय होणार होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

नुकाचं शिवणाचं सामान आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात होतं. तिची भाची पिपालुक कोपनहेगनला राहते. नुका गेली तेव्हा पिपालुकचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, म्हणून ते न्यायला तिला आता जमलं. नेमकी त्या बुधवारी ती आली. मी दुकानातून परतले तर ती दाराशी उभी, आणि तिचं बोट धरून नुकतीच पाऊल टाकायला शिकलेली एक गोल चेहऱ्याची मुलगी. “ही नुका,” पिपालुक जर्मनमध्ये म्हणाली. मी पिशव्या खाली टाकल्या आणि कोटासकट तिच्यासमोर उकिडवी बसले. तिने मला निरखलं, एक पाऊल पुढे टाकलं आणि माझ्या कोटाच्या खिशात हात घातला.

खिसा रिकामा होता. तिने तळाशी बोटं फिरवून पाहिली. मग माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

“आत्या! आधी विचारावं!” पिपालुक आपल्या लेकीला म्हणाली, आणि मग मला, “रागावू नका. आमच्याकडे घरात सगळेच करतात. पणजीपासून आलंय.”

“कसं म्हणजे?” मी विचारलं.

“पणजी लहान असताना तिचे वडील शिकारीवरून आले की ती पळत जाऊन त्यांच्या अनोरॅकच्या, म्हणजे टोपीच्या जाकिटाच्या, पोटावरच्या खिशात हात घालायची. काहीतरी असायचंच. एक दिवस ते आले नाहीत. पुढे आत्या झाली, त्यांच्या नावाची. मग ती शाळेतून येवो नाहीतर दुकानातून, पणजी आधी तिच्या खिशात हात घालायची. आत्या रोज आठवणीने काहीतरी ठेवायची. शिंपला, पीस, बिस्किट. सात वर्षांची पोर, पण बाप होती ना ती. आत्याने तुम्हाला सांगितलं नाही?”

“कधीच नाही.”

“खिशात हात घालण्यात सांगण्यासारखं काय आहे?” पिपालुक म्हणाली.

मी तिथेच, दारात, फरशीवर बसले आणि भडभडून रडले. छोटी नुका माझा दुसरा खिसा तपासत होती. दुसऱ्यात ईराचं केसांचं रबर निघालं, ते मात्र तिने ठेवून घेतलं.

शुक्रवारी मी शेवटच्या फ्रेम योर्गच्या भिंतीवर लावल्या. बोट लागते. छोटी नुका बूट सांभाळत उतरते. म्हातारी मिठी मारत नाही, रडत नाही. ती लहान मुलीसारखी दुडक्या चालीने येते आणि नातीच्या अनोरॅकच्या खिशात हात घालते. नात तिच्याकडे वडिलांसारखी गंभीरपणे बघत उभी राहते. खिशात काय आहे ते दिसत नाही. शेवटच्या फ्रेममध्ये फक्त म्हातारीचा चेहरा आणि वर गेलेल्या भुवया. वाक्य नाही.

योर्ग भिंतीसमोरून एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. मी खिडकी उघडली. तो शेवटच्या फ्रेमपाशी थांबला आणि त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या. जर्मन माणसाच्या भुवया नवलाने वर जातात हे मला माहीत आहे. तरी मी तो होकारच धरला.